‘थेट’ची रचना : भ्रमणध्वनीवरील दूरचित्रवाणीच्या ॲपची एक समीक्षा

प्रस्तावना

मराठीत दूरचित्रवाणीची समीक्षा झाली ती बहुतांशी आशयाच्या अंगाने. मालिकांतील स्त्रीचित्रण, वृत्तवाहिन्यांची भाषा, जाहिरातींतील मूल्यव्यवस्था हे तिचे नेहमीचे विषय होत. पडद्यावर काय दिसते याची चर्चा पुष्कळ झाली. ते दिसण्याची व्यवस्था कशी घडवलेली आहे आणि त्या घडणीत पाहणाऱ्याला कोणती जागा मिळते, हा प्रश्न मात्र तंत्रज्ञांकडे सोपवून अभ्यासक मोकळे झाले. दूरचित्रवाणी संच ही दिवाणखान्यातील एक पेटी होती तोवर हे एक वेळ चालण्यासारखे होते. चालू-बंद, आवाज आणि वाहिनी यांपलीकडे त्या पेटीत वाचण्यासारखे फारसे काही नव्हते. भ्रमणध्वनीवरील ॲपचे तसे नाही. त्यातील प्रत्येक बटण, प्रत्येक खूण, प्रत्येक पडद्यानंतर येणारा पुढचा पडदा कोणीतरी निर्णयपूर्वक मांडलेला असतो. ती एक संहिता असते आणि संहितेप्रमाणे तिचे वाचन करता येते.

प्रस्तुत लेखात थेट प्रक्षेपण दाखवणाऱ्या ॲपचे असे वाचन केले आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये आलेले हॉटस्टार, त्याचे स्पर्धक जिओसिनेमा आणि या दोहोंच्या एकत्रीकरणातून १४ फेब्रुवारी २०२५ रोजी आलेले जिओहॉटस्टार यांवरील क्रिकेटचे प्रक्षेपण मुख्य उदाहरण म्हणून घेतले आहे. ही निवड खेळाच्या लोकप्रियतेमुळे केलेली नाही. मालिकेचा भाग उद्या पाहिला तरी चालतो, सामन्याचे शेवटचे षटक उद्या पाहून भागत नाही. ‘थेट’ या शब्दाची खरी कसोटी तेथे लागते. या ॲपच्या रचनेत चित्र, भाषा, कॅमेऱ्याचा कोन आणि किंमत यांचा विपुल विचार झालेला दिसतो. परंतु ज्या गुणामुळे थेट प्रक्षेपण हा प्रकार मुळात अर्थपूर्ण ठरला तो गुण, म्हणजे अनेकांनी एकच क्षण एकाच वेळी पाहणे, या रचनेत जपला गेलेला नाही. आणि तो गेला आहे हे झाकण्याकडेच रचनेचा कल आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

प्रवाह आणि तुकडे

रेमंड विल्यम्स यांनी १९७४ च्या ‘टेलिव्हिजन : टेक्नॉलॉजी अँड कल्चरल फॉर्म’ या ग्रंथात ‘प्रवाह’ ही संकल्पना मांडली. दूरचित्रवाणीवर सुटे कार्यक्रम नसतात. कार्यक्रम, जाहिरात, पुढच्या कार्यक्रमाची सूचना यांची एक आखीव सलग धार असते आणि प्रेक्षक त्या धारेत बसतो, असे त्यांचे निरीक्षण होते. आज ‘स्ट्रीमिंग’ हा शब्द रूढ झाला आहे आणि त्याचाही अर्थ प्रवाह असाच आहे. विल्यम्स यांचा प्रवाह आणि हा प्रवाह यांत मात्र मूलभूत अंतर आहे. गंमत अशी की, ज्याला आज प्रवाह म्हटले जाते तो तांत्रिकदृष्ट्या तुकड्यांचा बनलेला आहे.

अ‍ॅपल कंपनीने २००९ मध्ये एचटीटीपी लाइव्ह स्ट्रीमिंग ही पद्धत आणली. तीत मैदानावरून येणारे चित्र काही सेकंदांच्या तुकड्यांत कापले जाते. प्रत्येक तुकड्याच्या कमी-अधिक दर्जाच्या अनेक प्रती तयार होतात. भ्रमणध्वनी त्या तुकड्यांची यादी मागवतो, जाळ्याच्या वेगाप्रमाणे झेपेल त्या दर्जाचा तुकडा उचलतो आणि एकामागून एक जोडून दाखवतो. गाडी बोगद्यात शिरली की चित्र धूसर होते आणि बाहेर पडली की स्वच्छ होते, ते या निवडीमुळे. आरंभी या तुकड्यांची शिफारस केलेली लांबी १० सेकंदांची होती, पुढे ती ६ सेकंदांवर आली. चित्र मध्येच अडू नये म्हणून ॲप सर्वांत ताज्या तुकड्यापासून सुरुवात करीत नाही, साधारण तीन तुकडे मागे राहते. तीन दाहे तीस. अर्थात मैदान ते सांकेतन यंत्र आणि तेथून सर्व्हर हा वेळ न मोजताही प्रेक्षक अर्धा मिनिट मागे असतो. ६ सेकंदांच्या तुकड्यांनी हा उशीर अठरावर आणला. २०१९ मध्ये कमी विलंबाची सुधारित पद्धत जाहीर झाली. तिने तो आणखी घटवता येतो. परंतु साठा जितका कमी तितका चित्र अडण्याचा धोका अधिक, त्यामुळे प्रत्येक ॲप आपापल्या सोयीने या दोन टोकांमध्ये कोठेतरी थांबते.

पारंपरिक दूरचित्रवाणीलाही उशीर होता, हे येथे नमूद केले पाहिजे. सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरील उपग्रहापर्यंत जाऊन परतण्यास संदेशाला पाव सेकंद लागतो आणि सांकेतनाचे काही सेकंद त्यात मिळतात. परंतु तो उशीर एका वाहिनीच्या प्रेक्षकांना जवळपास सारखाच होता. सांगलीत आणि सावंतवाडीत षटकार एकदमच गेला, म्हणून तो उशीर कोणाच्या अनुभवास आला नाही. ॲपचा उशीर प्रत्येकाचा निराळा असतो. एकाच खोलीतील दोन भ्रमणध्वनींवर एकच चेंडू दोन वेळांना पडतो, कारण दोघांनी तुकडे वेगवेगळ्या क्षणी उचललेले असतात आणि दोघांचा साठा वेगळा असतो. शेजारच्या घरातून आरडाओरडा ऐकू येतो तेव्हा हातातील पडद्यावर गोलंदाज अजून धाव घेत असतो. चाळीत वा वसाहतीत राहणाऱ्या कोणालाही हा अनुभव नवा नाही.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले. इस्रोचे ते प्रक्षेपण यूट्यूबवर एका वेळी ८० लाखांहून अधिक ठिकाणी पाहिले जात होते. चंद्रावरून निघालेला संदेश पृथ्वीवर पोहोचण्यास सुमारे सव्वा सेकंद लागतो. तुकड्यांच्या हिशेबाने पाहिले तर बंगळूरच्या नियंत्रण कक्षातून सोलापूरच्या भ्रमणध्वनीपर्यंतचा प्रवास चंद्राहून लांबचा ठरतो.

असे असताना ॲपवर चित्राच्या कोपऱ्यात लाल रंगात ‘लाइव्ह’ असे लिहिलेले असते. समीक्षकाने थांबावे असे हे पहिले स्थळ होय. ही खूण दूरचित्रवाणीकडून उसनी घेतलेली आहे. तेथे तिचा अर्थ ‘हे आता घडत आहे’ असा होता. येथे तिचा अर्थ ‘हे अभिलेखातील नाही’ एवढाच उरतो. ॲपला आपला उशीर ठाऊक असतो, कारण आपण कोणता तुकडा दाखवीत आहोत याची नोंद त्याच्याकडे असते. किती सेकंद मागे, हे अंकांत दाखवणे कठीण नाही. पण तसे सर्वसाधारणपणे केले जात नाही.

चित्राखालील रेषाही अशीच बोलकी आहे. ध्वनिचित्रफितीसाठी घडलेली ती आडवी पट्टी थेट प्रक्षेपणातही जशीच्या तशी ठेवलेली असते. बोट मागे ओढले की गेलेले षटक पुन्हा दिसते. मग एक बटण प्रेक्षकास ‘थेट’कडे परत नेते. दूरचित्रवाणीत ‘आता’ हा काळ होता. त्याच्या बाहेर जाता येत नव्हते, फक्त संच बंद करता येत होता. या पट्टीवर ‘आता’ हे एक स्थळ झाले आहे, उजवीकडचे शेवटचे टोक. त्याकडे जाता येते, त्यापासून दूर राहता येते. प्रेक्षकाला मिळालेले हे स्वातंत्र्य खरे आहे आणि त्याची हेटाळणी करण्याचे कारण नाही. स्वयंपाकघरात वा लोकलमध्ये अडकलेल्या माणसाला हुकलेले षटक परत मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. मात्र याच स्वातंत्र्यामुळे एकाच सामन्याचे लक्षावधी निरनिराळे काळ होतात.

दहा जुलै दोन हजार एकोणीस

डॅनियल दायान आणि एलिहू कॅट्झ यांनी १९९२ मध्ये ‘मीडिया इव्हेंट्स’ या ग्रंथात थेट प्रक्षेपित सोहळ्यांचा विचार केला. अशा प्रसंगी नेहमीचे कार्यक्रम बाजूला पडतात, घरोघर माणसे एकत्र बसतात आणि सारा समाज आपण एकत्र पाहत असल्याच्या जाणिवेने पाहतो, असे त्यांचे विवेचन आहे. दूरचित्रवाणीच्या अभियंत्याला या समाजाची चिंता नव्हती. लहर एकदा अवकाशात सोडली की ती एकाने पकडली काय आणि कोटींनी पकडली काय, प्रक्षेपकावरील भार तोच. गर्दी तिला दिसतही नव्हती. ॲपमध्ये प्रत्येक प्रेक्षक आपले तुकडे स्वतंत्रपणे मागवतो, प्रत्येक मागणी कोठल्यातरी सर्व्हरला पुरवावी लागते आणि प्रत्येक प्रेक्षकामागे खर्च वाढतो. जी गर्दी दूरचित्रवाणीचे वैभव होती ती ॲपसाठी संकट ठरते.

इंग्लंडमधील विश्वचषकात मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डवर भारत आणि न्यूझीलंड यांच्यातील उपान्त्य सामना पावसामुळे ९ जुलै २०१९ वरून राखीव दिवसावर गेला. १० जुलै रोजी २४० धावांचा पाठलाग करताना महेंद्रसिंग धोनी खेळपट्टीवर असेपर्यंत आशा होती. त्या वेळी हॉटस्टारवर एकाच क्षणी २ कोटी ५३ लाख प्रेक्षक होते आणि तो तेव्हाचा जागतिक उच्चांक होता. मग मार्टिन गप्टिलची फेक थेट यष्ट्यांवर आली आणि धोनी धावबाद झाला. भारत १८ धावांनी हरला. धोनीचा तो अखेरचा आंतरराष्ट्रीय सामना ठरला.

धोनी बाद होताच काय झाले याचे वर्णन हॉटस्टारच्या अभियंत्यांनी पुढे जाहीर व्याख्यानांतून केले आहे. प्रेक्षकांचा आकडा अल्पावधीत अडीच कोटींवरून सुमारे दहा लाखांपर्यंत कोसळला. आकडा कोसळला म्हणजे यंत्रणेवरील भार हलका झाला असेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात उलट घडते. निराश प्रेक्षक भ्रमणध्वनी बंद करीत नाही, तो ‘मागे’ हे बटण दाबतो. मागे गेले की ॲपचे मुखपृष्ठ येते. ते मुखपृष्ठ प्रत्येकाच्या आवडीनुसार वेगळे जुळवलेले असते : अर्धवट राहिलेली मालिका, सुचवलेला चित्रपट, कालचे क्षणचित्र. चित्राचे तुकडे सर्वांना सारखेच असतात, म्हणून ते जवळच्या सर्व्हरांवर साठवून ठेवता येतात. हे पृष्ठ मात्र माणसागणिक नव्याने रचावे लागते. ते एकाच वेळी कोट्यवधींनी मागितले तर सारी यंत्रणा खाली येऊ शकते. त्यामुळे माणसे चढत जाण्याची तयारी जितकी करावी लागते तितकीच ती एकदम उतरण्याचीही करावी लागते.

ही हकिकत तंत्रज्ञानाच्या व्याख्यानात भारनियोजनाचा किस्सा म्हणून सांगितली जाते. समीक्षेच्या दृष्टीने तिचे मोल निराळे आहे. सामना हरल्यावर माणूस क्षणभर गप्प बसतो, उठून खिडकीशी जातो, कोणाशीतरी बोलतो. संच बंद करण्याच्या कळीत त्या गप्प बसण्याला जागा होती. ॲपच्या रचनेत बाहेर पडण्याचा मार्ग दुकानातून काढलेला आहे. शोकाच्या पहिल्या सेकंदाला पुढचा माल समोर मांडला जातो आणि तो मांडता यावा म्हणूनच यंत्रणा कोसळण्याचा धोका उत्पन्न होतो.

या धोक्यावरचा उपायही त्याच अभियंत्यांनी सांगितला आहे. भार असह्य झाला की ज्या सेवा अत्यावश्यक नाहीत त्या बंद केल्या जातात. शिफारशी थांबतात, व्यक्तिगत जुळवणी थांबते, सर्वांना एकसारखे साधे पृष्ठ दिले जाते; सामन्याचे चित्र तेवढे अखंड चालू ठेवायचे. एरवी ज्या व्यक्तिगततेचा ॲपला अभिमान असतो ती बाजूला काढून ठेवल्यावर जे शिल्लक राहते ती निखळ दूरचित्रवाणी असते, सर्वांसाठी एक चित्र. संकटात ॲपला आपले पूर्वज आठवतात.

प्रेक्षकसंख्येचा आकडा पडद्यावरच दाखवण्याची पद्धतही येथे विचारात घेतली पाहिजे. २०१८ च्या आयपीएल अंतिम सामन्यात हा आकडा १ कोटी ३ लाख होता; १९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबादच्या विश्वचषक अंतिम सामन्यात तो ५ कोटी ९० लाखांवर गेला. एकट्याने पाहणाऱ्या माणसाला आपण एकटे नाही हे कळावे, अशी ही योजना आहे. पूर्वी ही जाणीव शेजारच्या घरातल्या आवाजातून होत असे. आता तोच आवाज पुढे काय होणार ते आधी सांगून टाकणारा शत्रू ठरतो आणि त्याच्या जागी अंक येतो. पूर्वी गर्दी ऐकू येत असे, आता ती वाचावी लागते.

उभी चौकट

२०२३ च्या विश्वचषकात डिस्ने प्लस हॉटस्टारने ‘मॅक्सव्ह्यू’ या नावाने सामना उभ्या पडद्यावर पाहण्याची सोय दिली. भ्रमणध्वनी आडवा न करता एका हाताने धरून सामना पाहता यावा, हा तिचा हेतू. दूरचित्रवाणीची चौकट आरंभापासून आडवी राहिली आहे. आधी चारास तीन, नंतर सोळास नऊ. त्या चौकटीला एकदम उभे करणे हा सौंदर्यदृष्ट्या मोठा निर्णय आहे आणि त्याची म्हणावी तशी चर्चा झालेली नाही.

खरे पाहता क्रिकेटचा गाभा उभाच आहे. गोलंदाजाच्या मागून घेतलेल्या नेहमीच्या दृश्यात बावीस यार्डांची खेळपट्टी पडद्यावर खालून वर जाते; एका टोकाला गोलंदाज, दुसऱ्या टोकाला फलंदाज आणि त्याच्यामागे यष्टिरक्षक. आडव्या चौकटीत या दृश्याच्या दोन्ही बाजूंना बरीच रिकामी हिरवळ असते. उभ्या चौकटीत ती गळते, माणसे मोठी दिसतात, गोलंदाजाच्या मनगटाची हालचाल डोळ्यांत भरते. चेंडू टाकला जाऊन बॅटला लागेपर्यंतचा जो काळ, त्यापुरती ही चौकट आडव्या चौकटीपेक्षा सरस आहे, हे मोकळेपणाने मान्य करावयास हवे.

चेंडू बॅटला लागल्यावर मात्र तिची मर्यादा उघडी पडते. कव्हरमधील क्षेत्ररक्षक, डीप स्क्वेअर लेगला उभा केलेला माणूस, त्यांच्यामधील मोकळी जागा, फलंदाजाने ती हेरलेली असणे हे सारे आडव्या अवकाशात घडते. उभी चौकट चेंडूच्या मागे धावू लागते आणि मैदान दिसेनासे होते. क्रिकेट हा जसा दोन माणसांमधील सामना आहे तसा तो रचलेल्या क्षेत्राचा खेळही आहे. मॅक्सव्ह्यूत पहिला उरतो आणि दुसरा विरतो. कर्णधाराचे कसब दिसण्याची सोय नसलेले हे क्रिकेट आहे. कसोटी सामन्याला ते मारकच ठरेल. षटकार-चौकारांच्या छोट्या सामन्याला ते पुष्कळ अंशी पुरते, हेही खरे.

एका हाताचा हा पडदा दुसऱ्या कोणाला दाखवता येत नाही. आडवा धरलेला भ्रमणध्वनी निदान दोघांना, दाटीवाटीने तिघांना पाहता येतो.

मराठी समालोचनाचा प्रश्न

आकाशवाणीवरून बाळ ज. पंडित यांनी मराठी क्रिकेट समालोचनाला जे रूप दिले त्याचा उल्लेख केल्यावाचून या विषयाची मराठी बाजू पुरी होत नाही. नभोवाणीवर चित्र नसल्यामुळे मैदान शब्दांतून उभे करावे लागे. चेंडू कोठे पडला, कसा वळला, क्षेत्ररक्षक किती धावला हे सांगण्यासाठी मराठी क्रियापदांना राबावे लागे. पुढे दूरचित्रवाणी आली. सामन्यांच्या समालोचनावर इंग्रजी आणि हिंदीचे वर्चस्व राहिले आणि मराठी बरीच मागे पडली.

जिओसिनेमाने २०२३ च्या आयपीएलमध्ये बारा भाषांतून समालोचन दिले. त्यांत मराठी होती, भोजपुरी होती, ओडिया होती. एकाच चित्रावर बारा ध्वनी बसवणे ॲपला सहज शक्य आहे, कारण ध्वनी हाही एक निवडण्याजोगा तुकडाच आहे. दूरचित्रवाणीला त्यासाठी वेगळी वाहिनी लागते. ॲपच्या साऱ्या रचनेत निर्विवादपणे लोकशाही म्हणता येईल अशी हीच एक बाब आहे. मात्र मिळालेल्या संधीचा भाषेच्या अंगाने पुरता उपयोग झाला असे म्हणता येत नाही. वर्णनापेक्षा गप्पांकडे ओढा अधिक दिसतो. चित्र समोर असल्यामुळे शब्दाला काम उरले नाही असे गृहीत धरले गेले. वस्तुतः डोळे दुसऱ्या कामात असताना कानांनी सामना अनुभवणारा श्रोता आजही आहे, भ्रमणध्वनी खिशात घालून तो चालत असतो, आणि त्याला धावत्या वर्णनाचीच गरज आहे. केवळ ध्वनी ऐकण्याची सोय आणि तिला साजेसे मराठी वर्णन दिले तर माहितीजाल महाग वा मंद असलेल्या ठिकाणी चित्राहून अधिक उपयोग होईल.

मिनिटांची किंमत

क्षणाचा उशीर ही केवळ तांत्रिक अडचण नाही, ती विकण्याची वस्तूही आहे. २०१२ मध्ये भारतातील क्रिकेटचे प्रक्षेपणहक्क मिळाल्यावर स्टार इंडियाने लघुसंदेशांद्वारे धावफलक पुरवणाऱ्या कंपन्यांविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. धावसंख्या पंधरा मिनिटांच्या अंतराने द्यावी, असा अंतरिम आदेश एकल न्यायाधीशांकडून मिळाला. ऑगस्ट २०१३ मध्ये खंडपीठाने असा हक्क नाकारला; घडलेली गोष्ट सांगण्यावर कोणाची मालकी असू शकत नाही, हे त्या निकालाचे मर्म होते. माहितीवर मालकी मिळाली नाही. चित्रावर मात्र ती होतीच. २०१८ पूर्वीच्या आयपीएल हंगामांत हॉटस्टारवर पैसे न भरणाऱ्यांना सामना पाच मिनिटे मागे दिसत असे आणि वर्गणीदारांना उशिराविना. पाच मिनिटांत षटक संपून दुसरे सुरू होते. एकाच सामन्याचे दोन ‘आता’ अशा रीतीने अधिकृतपणे अस्तित्वात आले आणि त्यांची किंमत ठरली.

जून २०२२ च्या लिलावात आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या हंगामांचे भारतातील दूरचित्रवाणीचे हक्क २३,५७५ कोटी रुपयांना आणि डिजिटल हक्क २३,७५८ कोटींना गेले. घरातील पडद्यापेक्षा हातातील पडदा महाग ठरला. त्यानंतर दोन हंगाम जिओसिनेमाने ते विनामूल्य दाखवले. २०२३ चा विश्वचषकही डिस्ने प्लस हॉटस्टारवर विनामूल्य होता, पण केवळ भ्रमणध्वनीवर. तोच सामना ॲपमधून मोठ्या पडद्यावर, म्हणजे चारचौघांना मिळून पाहावयाचा तर पैसे पडत. २०२५ मध्ये जिओहॉटस्टारची सर्वांत स्वस्त वर्गणी, तीन महिन्यांसाठी १४९ रुपये, एका भ्रमणध्वनीपुरती होती. मोठ्या पडद्यासमोर चार माणसे बसली तरी ॲपच्या हिशेबी तो एक प्रेक्षक. चार हातांतील चार भ्रमणध्वनी म्हणजे मोजता येणारे, जाहिरातीसाठी वेगळे ओळखता येणारे चार प्रेक्षक. किमतीची रचना आणि पडद्याची रचना एकाच दिशेने ओढत आहेत हे येथे स्पष्ट दिसते. उभी चौकट आणि एका भ्रमणध्वनीची वर्गणी या एकाच विचाराच्या दोन बाजू आहेत.

कायद्याच्या कक्षेबाहेर

सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये बंगाल क्रिकेट असोसिएशनच्या प्रकरणात ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. तो वादही क्रिकेटच्या प्रक्षेपणावरूनच उद्भवला होता. त्याच भूमिकेला धरून २००७ चा कायदा आला. राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडासामन्यांचा संकेत खाजगी प्रक्षेपकाने प्रसार भारतीला त्याच वेळी द्यावा, म्हणजे दूरदर्शनच्या भूप्रक्षेपणावर आणि डीटीएच सेवेवर तो सर्वांना पाहता येईल, अशी त्यात तरतूद आहे. ‘त्याच वेळी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. ज्याला वाहिनीचे पैसे परवडत नाहीत त्यालाही तोच क्षण मिळाला पाहिजे, हे तत्त्व कायद्याने मान्य केले. परंतु कायद्याची भाषा केबल, डीटीएच आणि नभोवाणी यांची आहे. भ्रमणध्वनीवरील ॲप तिच्या डोळ्यांसमोर नव्हते. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा सामायिक संकेत दूरदर्शनच्या स्वतःच्या भूप्रक्षेपण आणि डीटीएच जाळ्यापुरताच मर्यादित असल्याचे स्पष्ट केले. परिणामी, घरातील पडद्यावर जो क्षण नागरिकाचा हक्क मानला जातो, तोच हातातील पडद्यावर ग्राहकाची खरेदी होतो.

प्रसार भारतीने २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्यातील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात ‘वेव्हज’ हे आपले ॲप सुरू केले. त्यावर दूरदर्शनच्या वाहिन्या थेट दिसतात. सार्वजनिक प्रक्षेपकाचे ॲप व्यापारी ॲपपेक्षा वेगळ्या विचाराने रचलेले असावे अशी अपेक्षा होती. मुखपृष्ठ, चित्रांच्या आडव्या रांगा, सुचवलेले पुढचे कार्यक्रम या बाबतीत ते इतरांच्याच वळणावर गेले आहे. एका बोटाने सह्याद्री वाहिनी लागावी आणि दुसऱ्या बोटाने बंद व्हावी, एवढी साधी रचना करण्याचे धैर्य निदान ज्याला माल विकायचा नाही त्याने दाखवावयास हवे होते.

तांत्रिकदृष्ट्या वेगळा मार्ग उपलब्ध नाही असे नाही. आयआयटी कानपूर आणि सांख्य लॅब्ज यांच्या प्रयत्नांतून भ्रमणध्वनीवर थेट लहरी उतरवण्याच्या पद्धतीच्या चाचण्या बंगळूर आणि दिल्ली परिसरात झाल्या. जानेवारी २०२४ मध्ये एकोणीस शहरांत त्या घेण्याचा मनोदय केंद्र सरकारने व्यक्त केला. या पद्धतीत भ्रमणध्वनी माहितीजालाकडे तुकडे मागत नाही. मनोऱ्यावरून सुटलेली लहर तो जुन्या संचाप्रमाणे पकडतो. त्यासाठी संचात वेगळी चीप आणि अँटेना लागते. किंमत वाढेल या कारणाने उत्पादकांनी आणि ग्राहक निसटतील या कारणाने दूरसंचार कंपन्यांनी तिला आक्षेप घेतले आहेत. ती रुळली तर एका मनोऱ्याखालील सर्व पडद्यांवर चेंडू जवळपास एकाच वेळी पडेल, कितीही माणसे आली तरी भार वाढणार नाही आणि ‘मागे’ दाबणाऱ्यासाठी मुखपृष्ठ रचत बसावे लागणार नाही. किती जण पाहत आहेत हे मात्र कोणालाच कळणार नाही. तिच्याविषयी व्यापाऱ्यांमध्ये उत्साह का नाही, याचे एक कारण तेथेही शोधावे लागेल.